गटाच्या जुन्या संगणकासाठी लिनक्स निवडताना

आज आपण गटाच्या नाहीतर ग्रामसंघाच्या कार्यालयात ठेवलेल्या संगणकाबद्दल बोलणार आहोत. विषय नवा वाटला तरी धसका घेऊ नका. ज्यांनी एमएस-सीआयटी केलंय त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. ज्यांनी संगणकाला कधी हात लावला नाही त्यांनीही ऐका, कारण संगणक गटाच्या पैशाचा आहे आणि त्याचा निर्णय बैठकीत सगळ्यांनी मिळून घ्यायचा आहे.

अलीकडे गावोगावच्या बैठकांत आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "ताई, कॉम्प्युटर चालू केला की विंडोज १० ची मुदत संपली असं लिहून येतं. दुकानदार म्हणतो नवा घ्या. जुना टाकून द्यायचा का?"

आधी हे काय प्रकरण आहे ते पाहू. विंडोज १० बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या बंद केल्या. काही अटींवर आणखी एक वर्ष त्या मिळतात, पण तीही तात्पुरती सोय. पुढचं विंडोज ११ आहे, पण ते सगळ्या संगणकांवर चढत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि कंपनीने ठरवून दिलेल्या यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक या यादीत बसत नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट आहे, पडदा दिसतो, कळा चालतात, पण आतल्या प्रोग्रामची राखण थांबली.

राखण थांबली तर बिघडतं काय? संगणक उद्या बंद पडणार नाही. पण नवीन व्हायरस आला, प्रोग्राममध्ये नवीन भोक सापडलं, तर ते बुजवायला कोणी नाही. आणि आपल्या संगणकावर काय काय असतं ते आठवा. सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती, पासबुकांचे फोटो, कर्जाची यादी, बँकेत दिलेले ठराव, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी. ज्या कपाटात हे कागद असतात त्याला आपण कुलूप लावतो. संगणकालाही ते हवं.

अशा वेळी आपल्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, नवा संगणक घ्यायचा. गटाकडे पैसे असतील आणि कामाला गरज असेल तर जरूर घ्या. दुसरी वाट काही दुकानांत सुचवली जाते: "पाचशे रुपये द्या, नवीन विंडोज टाकून देतो." ते परवान्याशिवायचं, कुलूप तोडून केलेलं विंडोज असू शकतं. ते कायद्यात बसत नाही, आणि ज्याने ते कुलूप तोडलं त्याने आत आणखी काय ठेवलंय हे आपल्याला कळायला मार्ग नाही. आपण बचतीचे पैसे ज्या संगणकावर लिहितो त्यावर असला प्रोग्राम नको. तिसरी वाट म्हणजे त्याच जुन्या संगणकावर मुक्त, म्हणजे ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची. तिला ढोबळमानाने लिनक्स म्हणतात. आज या तिसऱ्या वाटेची नीट माहिती घेऊ.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

संगणकाचा डबा, पडदा, कळफलक, प्रिंटर ही सगळी लोखंड-प्लास्टिकची वस्तू. या सगळ्यांकडून काम करून घेणारा मूळ प्रोग्राम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. आपण कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटवणं, फाइल जागेवर ठेवणं, प्रिंटरला कागद काढायला सांगणं हे सगळं ती बघते. विंडोज ही एक ऑपरेटिंग सिस्टीम. लिनक्स ही दुसरी. आणि तुमच्या हातातल्या मोबाइलमधलं अँड्रॉइड ही तिसरी. गंमत म्हणजे अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. त्यामुळे "आम्हाला लिनक्स माहीत नाही" असं म्हणणारी बाई ज्या फोनवरून व्हॉट्सॲप पाठवते, त्या फोनमध्ये लिनक्स रोज राबत असतं.

मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत आहेत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी देशी वाणांची बियाणं जपली, वाढवली आणि दुसऱ्यांना पेरायला दिली. देशी बियाण्याचं वैशिष्ट्य काय? एकदा घेतलं की पुढच्या वर्षी आपल्याच शेतातलं राखून पेरता येतं. शेजारणीला ओंजळभर देता येतं. चांगली कणसं निवडून ते सुधारताही येतं. बाजारातल्या संकरित बियाण्याचं तसं नसतं, दर हंगामाला पुन्हा पिशवी घ्यावी लागते.

मुक्त सॉफ्टवेअर देशी बियाण्यासारखं असतं. ते कसं लिहिलंय हे कोणालाही बघता येतं, वापरता येतं, सुधारता येतं आणि दुसऱ्याला देता येतं. एका संगणकावर टाकलं तसं दहा गटांच्या संगणकांवर टाकलं तरी कोणाची परवानगी लागत नाही, आणि त्यात चोरीही नाही. परवान्यातच तसं लिहिलेलं असतं.

याची सुरुवात १९८३ साली झाली. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना मोकळेपणाने वापरता येईल अशी प्रणाली बनवायचा 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून इंटरनेटवर ठेवला. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. एकेकीने थोडी थोडी बचत टाकावी आणि गटाची मोठी गंगाजळी व्हावी, तसंच हे झालं.

आपल्या देशातही हे काही नवलाचं राहिलेलं नाही. केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं अनेक वर्षं लिनक्सवर संगणक शिकत आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचं भारतीय भाषांची सोय असलेलं लिनक्स बनवलं आहे.

नावं इतकी का?

लिनक्स टाकायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती नावांची. कोणी म्हणतं उबुंटू घ्या, कोणी मिंट, कोणी डेबियन, कोणी झोरिन. शेकडो प्रकार आहेत. नवशिकी बाई इथेच गोंधळते आणि नाद सोडून देते.

ज्वारी एकच, पण मालदांडी वेगळी, दगडी वेगळी, हुरड्याची वेगळी. तसा गाभा लिनक्सचाच. त्याभोवती कोणी कुठली बटणं, कुठले प्रोग्राम, कुठली सजावट बांधून दिली त्यावरून त्याचं नाव पडतं. या बांधून दिलेल्या प्रकाराला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ पासूनचं जुनं, भक्कम. त्यावरून २००४ मध्ये उबुंटू निघालं. उबुंटूवरून २००६ मध्ये मिंट निघालं. म्हणजे ही एकाच घरातली आजी, लेक आणि नात. एक शिकलात तर दुसरं परकं वाटत नाही. 'उबुंटू' हा आफ्रिकेतला शब्द आहे. आपण सगळे आहोत म्हणून मी आहे, असा त्याचा भाव. बचत गटातल्या बाईला हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आधी कामाची यादी, मग नाव

आमचं सांगणं असं की, नाव शेवटी निवडायचं. आधी एक वही घ्या आणि गटाचा संगणक महिनाभरात कशाकशासाठी वापरला जातो ते लिहा. जो जो संगणकावर बसतो त्याला विचारा. अध्यक्ष, सचिव, लेखापाल, सीआरपी ताई, सगळ्यांना. मग प्रत्येक कामापुढे खूण करा.

पहिल्या प्रकारची कामं ब्राउझरमधली. ईमेल, बँकेची साइट, सरकारी योजनांचे अर्ज, व्हिडिओ बघणं, व्हॉट्सॲप वेब, कॅन्व्हावर लेबल बनवणं. यातली जवळपास सगळी लिनक्सवर तशीच चालतात. फायरफॉक्स बहुधा आधीच बसवलेला असतो आणि क्रोमही टाकता येतो.

दुसऱ्या प्रकारची कामं वर्ड-एक्सेलची. पत्र, ठराव, हप्त्यांचा तक्ता. यासाठी लिनक्समध्ये लिबरऑफिस येतं. त्यात वर्डच्या जागी रायटर आणि एक्सेलच्या जागी कॅल्क. जुन्या फाइली उघडतात, बेरजा-वजाबाक्यांची सूत्रं चालतात. फाइल बँकेत किंवा पंचायत समितीत पाठवायची असेल तर जतन करताना वर्ड किंवा एक्सेलचा प्रकार निवडा, म्हणजे समोरच्याला उघडायला त्रास नाही. नुसती वाचायला द्यायची असेल तर पीडीएफ करा. मात्र कोणी एक्सेलमध्ये मॅक्रो घातलेला तक्ता दिला असेल तर तो आधी तपासून बघा, सगळे चालतीलच असं नाही.

तिसऱ्या प्रकारची कामं खास प्रोग्रामची, आणि इथेच सावध राहायचं. टॅली विंडोजसाठी बनवलेलं आहे. तुमच्या ग्रामसंघाचे किंवा उत्पादक कंपनीचे हिशेब त्या संगणकावर टॅलीत असतील तर त्यावरचं विंडोज काढू नका. कोरल ड्रॉ, फोटोशॉप, पेजमेकर लिनक्सवर मिळत नाहीत. त्यांच्या जागी इंकस्केप, गिंप, स्क्रायबस आहेत, पण ते नव्याने शिकावे लागतात. बँक सखीचं काम करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. अंगठ्याचा ठसा घेणारी यंत्रं बहुतेक करून विंडोज किंवा अँड्रॉइड धरून बनवलेली असतात. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर तो देणाऱ्याला "लिनक्सवर चालतो का?" हे आधी विचारा.

चौथी गोष्ट प्रिंटर. कंपनी आणि मॉडेल वहीत लिहा. बरेच प्रिंटर लावले की लिनक्स त्यांना ओळखतं. काही मात्र अडून बसतात. ते कळायची युक्ती पुढे सांगते.

पाचवी गोष्ट मराठी टाइप करणं. युनिकोड मराठी लिनक्सवर चांगलं चालतं. कळफलकाच्या सेटिंगमध्ये भारत-मराठी निवडलं की इन्स्क्रिप्ट मिळतो, आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचाही एक कळफलक मिळतो. पण जुन्या फाइली कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये केल्या असतील तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्यावर भलतीच अक्षरं दिसतात. हे विंडोजवरही होतं. असल्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हव्यात, लिनक्स घ्या किंवा न घ्या. आज नाही केलं तर दहा वर्षांनी गटाचे जुने ठराव आपल्यालाच वाचता येणार नाहीत.

यादी झाली की चित्र आपोआप स्पष्ट होतं. सगळ्या खुणा पहिल्या दोन प्रकारांत असतील तर लिनक्स तुमच्या कामाचं आहे. तिसऱ्या प्रकारातलं एखादं काम असेल तर त्या कामापुरता विंडोजचा एक संगणक ठेवावा लागेल.

मग यंत्र बघा

आता संगणकाची ताकद बघा. 'धिस पीसी'वर माउसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडलं की रॅम किती आणि सिस्टीम ३२ बिटची की ६४ बिटची ते दिसतं. रॅम म्हणजे कामाचा ओटा. ओटा मोठा तर एकावेळी चार पदार्थ करता येतात, लहान असला की एक उचलून दुसरा ठेवावा लागतो.

रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर नवशिक्यांसाठीचे बहुतेक प्रकार चालतील. ८ जीबी असेल तर उत्तमच. २ जीबी असेल तर हलका प्रकार घ्यावा लागेल, आणि ब्राउझरमध्ये एकावेळी दोन-तीनच पानं उघडावी लागतील. त्याहून कमी असेल किंवा यंत्र निव्वळ ३२ बिटचं असेल तर त्यावर वेळ घालवू नका. आजचे सोपे प्रकार ६४ बिटसाठी बनतात.

एक खर्च मात्र करण्यासारखा आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तर तोच संगणक कितीतरी लवकर चालू होतो. दोन-तीन दुकानांत भाव विचारा, लेखी घ्या आणि बैठकीत ठेवा.

आता नाव निवडू

पहिल्यांदा लिनक्स घेणाऱ्या गटाला आम्ही लिनक्स मिंट सुचवतो. कारणं साधी आहेत. त्याचा पडदा विंडोजसारखा दिसतो: खाली पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आधीच बसवलेले येतात. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसावं लागत नाही. आणि मिंट २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत, म्हणजे दरवर्षी उलथापालथ नाही.

मिंट तीन रूपांत मिळतं. ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर सिनॅमन घ्या. रॅम कमी असेल किंवा यंत्र फार जुनं असेल तर एक्सएफसीई घ्या, ते हलकं आहे. तिसरं माटे या दोघांच्या मधलं. उगाच डोकं शिणवू नका, पहिल्या दोनांतलं एक पुरे.

उबुंटू कधी घ्यावं? तुमच्या जवळच्या शाळेत, महाविद्यालयात किंवा ओळखीच्या कोणाकडे उबुंटू असेल तर तेच घ्या. अडलं तर विचारायला माणूस हवा. जवळचा जाणता माणूस हा नावापेक्षा मोठा आधार आहे. उबुंटूचा पडदा विंडोजहून वेगळा, पट्टी डावीकडे उभी असते. आठवड्यात सवय होते. घेताना एलटीएस लिहिलेली आवृत्ती घ्या, तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. उबुंटू २४.०४ एलटीएस तशी आहे. मात्र तिला ४ जीबी रॅम हवी.

झोरिनही विंडोजसारखं दिसतं आणि नव्यांना सोपं जातं. त्याची एक विकतची आवृत्ती आहे, पण आपल्याला मोफतची पुरेशी आहे. सी-डॅकचं बॉस कोणाकडे चालू असेल, शिकवणारं कोणी असेल, तर तेही बघायला हरकत नाही.

काही नावं मात्र पहिल्या खेपेला नको. गावातला एखादा हुशार मुलगा म्हणेल, "मावशी, काली लिनक्स टाका, हॅकर लोक तेच वापरतात." काली हे संगणकांची सुरक्षा तपासणाऱ्या तज्ज्ञांसाठी बनवलेलं आहे, हिशेब लिहिण्यासाठी नाही. आर्च हे ज्यांना सगळं स्वतःच्या हाताने जुळवायचंय त्यांच्यासाठी. दोन्ही आपापल्या जागी चांगली, पण आपली जागा ती नाही. त्या मुलाचा उत्साह मोडू नका, त्यालाच मिंट बसवायला मदतीला घ्या.

लग्नाआधी बघणं

लिनक्सची एक सोय अशी की संगणकातलं काहीही न काढता ते चालवून बघता येतं. त्याला लाइव्ह म्हणतात. मगाशी म्हटलेली युक्ती ती हीच.

८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून रिकामा घ्या. मिंटच्या अधिकृत साइटवरून फाइल उतरवा. ती साधारण तीन जीबीची असते, तेव्हा मोबाइलचा डेटा बघून किंवा जिथे वायफाय असेल तिथे उतरवा. कुठल्याही भलत्या साइटवरून घेऊ नका. विंडोजवर रुफस नावाचा छोटा मोफत प्रोग्राम मिळतो, तो ही फाइल पेन ड्राइव्हवर नीट चढवतो. नुसती कॉपी करून चालत नाही.

मग संगणक बंद करा, पेन ड्राइव्ह लावा आणि चालू करताना बूट मेनूची कळ दाबा. ती कंपनीप्रमाणे एफ १२, एफ ९ किंवा एस्केप असते. पेन ड्राइव्ह निवडला की थोड्या वेळात मिंटचा पडदा येतो. या वेळी 'इन्स्टॉल'च्या चित्रावर अजिबात क्लिक करायचं नाही. आपण फक्त बघायला आलोय.

आता वही उघडा आणि एकेक तपासा. वायफाय जोडलं जातं का? आवाज येतो का? प्रिंटर लावून एक पान निघतं का? मराठी कळफलक लावून गटाचं नाव टाइप करा. कर्जाचा एक्सेल तक्ता दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून उघडा आणि बेरजा जुळतात का पाहा. बँकेची साइट उघडून बघा. पेन ड्राइव्हवरून चालतं म्हणून थोडं हळू वाटेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. झालं की बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, संगणक होता तसा विंडोजवर चालू होईल.

हे बघणं एकटीने करू नका. बैठकीच्या दिवशी करा. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पान छापून निघालं की निम्मी शंका तिथेच जाते.

बसवताना

मन भरलं, यादीतली कामं जमली, मगच बसवायचं ठरवा. आणि बसवण्याआधी एक काम चुकवू नका. संगणकातल्या सगळ्या फाइलींच्या दोन प्रती करा, दोन वेगवेगळ्या जागी. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी पेन ड्राइव्हवर. त्या दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, उघडतात याची खात्री करा. बसवताना 'सगळी डिस्क पुसा' असा पर्याय येतो, तो निवडला की आधीचं काही उरत नाही. बियाणं घरात राखून ठेवल्याशिवाय आपण कणगी रिकामी करत नाही, तसंच हे.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात. चालू करताना कोणतं हवं ते निवडायचं. टॅलीसारखं एखादं काम अडत असेल तर ही सोय बरी. पण डिस्कचे भाग पाडावे लागतात, म्हणून हे काम जाणत्याच्या हातून करून घ्या. आणि अशा संगणकावर इंटरनेटची, बँकेची कामं लिनक्समधूनच करा.

बसवताना एक पासवर्ड ठरवावा लागतो. नवीन प्रोग्राम टाकताना, दुरुस्त्या घेताना तो विचारला जातो. तो एकाच बाईच्या डोक्यात राहता कामा नये. बँक खात्यावर जशा दोन सह्या असतात, तसा तो दोघींना माहीत असावा आणि पाकिटात बंद करून गटाच्या पेटीत ठेवावा. बसवून देणाऱ्या मुलाने स्वतःचा पासवर्ड ठेवला असेल तर तो त्याच दिवशी बदलून घ्या.

पहिला महिना

पहिले पंधरा दिवस हात अडखळतील. बटण दुसरीकडे, नाव वेगळं. चूल बदलली की आठवडाभर भाकरी कच्ची-जळकी होते, मग हात बसतो. या पंधरा दिवसांत महिनाअखेरीचं किंवा लेखापरीक्षणाचं काम काढू नका. निवांत महिना बघून बदल करा.

मिंटच्या खालच्या पट्टीवर ढालीचं चित्र असतं. दुरुस्त्या आल्या की ते सांगतं. आठवड्यातून एकदा त्यावर क्लिक करून दुरुस्त्या घ्या. टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्रामही त्यात आहे. तो सिस्टीमची नोंद ठेवतो, म्हणजे एखादी दुरुस्ती घेतल्यावर बिघडलं तर मागच्या दिवसावर परत जाता येतं. पण तो तुमच्या फाइलींची प्रत ठेवण्यासाठी नाही. ठराव आणि हिशेब यांची प्रत दर महिन्याला वेगळी काढायचीच.

प्रोग्राम हवा असेल तर मेनूतल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. मोबाइलवर प्ले स्टोअर असतं तसं ते आहे. इंटरनेटवर दिसेल ते उतरवून टाकू नका. लिनक्सला व्हायरसचा त्रास कमी, हे खरं. पण "तुमचं खातं बंद होणार आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला आणि आपण सांगितला, तर लिनक्सही वाचवू शकत नाही. ती राखण आपली आपणच करायची.

कोणी बदलू नये?

सगळ्यांनी लिनक्सच घ्यावं असा आमचा आग्रह नाही. ज्यांचं रोजचं काम टॅलीवर किंवा अंगठ्याच्या यंत्रावर आहे, ज्यांच्या संगणकावर विंडोज ११ रीतसर चालतंय, किंवा ज्यांच्याजवळ अडल्यावर विचारायला एकही माणूस नाही, त्यांनी घाई करू नये. गटाची सगळी कामं मोबाइलवरच्या ॲपमध्ये होत असतील तर संगणक हवाच का, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही.

पण ज्यांचा संगणक धूळ खात पडलाय, ज्यांना कोणी "भंगारात द्या" म्हणतंय, त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक पेन ड्राइव्ह लावून बघावा. तोच संगणक मुलींना टाइपिंग शिकायला, मसाल्याची लेबलं करायला, गटाची पत्रं लिहायला आणखी काही वर्षं कामी येऊ शकतो.

येत्या बैठकीत तीन गोष्टी करा. कामाची यादी इतिवृत्ताच्या वहीत लिहा. संगणकाची रॅम आणि प्रिंटरचं मॉडेल त्याखाली लिहा. आणि पेन ड्राइव्हवर चालवून बघायची तारीख ठरवून, कोणत्या दोघी ते करणार त्यांची नावं लिहा. बघून झाल्यावर जो निर्णय होईल, घ्यायचं किंवा नाही घ्यायचं, त्याचा ठराव करा आणि कारणही लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पदाधिकारी बदलले तरी नवीन ताईंना कळेल की हे असं का ठरलं.